पाडवा झाला की सोलापूरला या

जुळे सोलापूर

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. आई, तू म्हणालीस, “एवढी ओढाताण होत असेल तर नोकरी सोड, नाहीतर वरचं दूध सुरू कर.” तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं आणि बाबांपर्यंत तर काहीच पोहोचत नाही, म्हणून हे पत्र.

दोन्हीतलं काही करायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. नोकरी पुण्याच्या कंपनीची असली तरी मी बसते आपल्या आतल्या खोलीत. बाळ भिंतीपलीकडे. लोकांना वाटतं, याहून सोपं काय असतं? घरीच तर आहे. शेजारच्या काकू दुपारी गप्पांना येतात, कुरियरवाला माझंच नाव पुकारतो, नात्यातली लग्नाची खरेदीही माझ्याच गळ्यात. घरी असणं म्हणजे मोकळं असणं, असं सगळे धरून चालतात.

तुला मात्र हे वेगळं सांगायला नको. नवी पेठेतल्या मोठ्या ऑफिसात कुणी जात नव्हतं तेव्हाही सोलापुरात हजारो बायका घरीच काम करत होत्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, दोरा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी हजाराचा हिशेब द्यायचा. तू तेच केलंस, आणि मला पाजलंसही. आजी सांगायची, मी रडले की तू आधी हात खसाखसा धुवायचीस, पदर बदलायचीस आणि मगच मला जवळ घ्यायचीस. तंबाखूची धूळ माझ्या तोंडाशी येऊ नये म्हणून. मी मोठी होईपर्यंत तुझ्या त्या कामाला घरात कुणी नोकरी म्हटलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तुला नव्हतं ते मला आहे. 2017 मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा 12 वरून 26 आठवडे झाली. काम तसं असेल तर रजेनंतर घरून करायचं आपसात ठरवता येतं. शिवाय बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीखेरीज पाजण्यासाठी दोन वेळा कामातून उठता येतं. मी साहेबांना रीतसर मेल करून त्या दोन वेळा कॅलेंडरवर बांधून घेतल्यात. त्या वेळात कुणी मीटिंग ठेवत नाही.

पण बाळाची भूक कॅलेंडर बघून लागत नाही. दोन मीटिंगा लागोपाठ आल्या की छाती ठणकायला लागते. पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं की बोलता बोलताच पान्हा फुटतो. उलट, मनावर ताण असला की ती ओढत राहते आणि दूध उतरायला वेळ लागतो. दूध जेवढं प्यायलं जाईल किंवा काढलं जाईल तेवढंच नवीन तयार होतं. म्हणूनच एकेक वेळचं पाजणं चुकवून वरचं दूध देत गेले, तर माझंच दूध आटत जाईल. आई, मला ते नकोय. रात्री मात्र ती हवं तेवढं पिते. त्या वेळी दूध वाढवणारं संप्रेरकही जास्त असतं, म्हणून झोपमोड झाली तरी मी ते पाजणं सोडत नाही.

सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी मी पंपाने दूध काढून ठेवते. तू आलीस की हे तुझ्या हाती देणार आहे, म्हणून नीट सांगते. काढलेलं दूध 25 अंशापर्यंतच्या गारव्यात चार तास टिकतं, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे जातो, तेव्हा ते ओट्यावर अजिबात ठेवायचं नाही. लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नको. तिथे चार दिवस चालतं. वर साय जमून वेगळं दिसलं तर फाटलं समजून ओतू नकोस, हलकेच फिरवलं की एकजीव होतं. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची. आणि पाजायचं वाटी-चमच्यानेच. नाहीतर तुझं ते जुनं चोचीचं बोंडलं असेल तर घेऊन ये, मी उकळून घेईन. उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं, जीव कितीही हळहळला तरी.

आणखी एक, आणि यावर तू रागावू नकोस. ऊन कितीही असलं तरी सहा महिने पूर्ण होईपर्यंत तिला पाणी द्यायचं नाही. मध नाही, गुटीही नाही. माझ्या दुधात 87 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तिची तहान त्यातच भागते. पाण्याने एवढंसं पोट भरलं की ती दूध कमी पिणार, आणि पाण्यातून जुलाब लागायची भीती वेगळी. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. तहान मलाच फार लागते. माझ्यासाठी माठ भरून ठेव, हळिवाचे लाडू कर, मी आवडीने खाईन.

चैत्रात उष्टावण करू. ते तुझ्याच हातून. मग मूगडाळ-तांदळाची मऊसर खिमट सुरू करायची. वरणाचं नुसतं पाणी नको, त्याने पोट भरतं, अंगी लागत नाही. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचा माझा विचार आहे.

तू आलीस की बाळाला सांभाळणं तर आहेच, पण मला सगळ्यात जास्त गरज आहे ती त्या खोलीच्या दाराशी कुणीतरी असण्याची. काकू आल्या, तर त्यांना चहा देऊन “पोरगी कामावर आहे” एवढं तू म्हणायचं. तू म्हटलंस की लोक ऐकतात. आणि बाळाने मूठ तोंडाशी नेली, मान वळवून शोधायला लागली की रडायची वाट न बघता तिला माझ्याकडे आणायचं. मीटिंग असली तर मी खूण करेन, मग वाटी-चमचा.

बाबा, संध्याकाळी ऊन उतरलं की तुम्ही नातीला कंबर तलावाकडे फिरवून आणायचं. तेवढ्या वेळात माझे दिवसाचे रिपोर्ट होतात आणि रात्री पुन्हा लॅपटॉप उघडावा लागत नाही. यंत्रमागावर उभे राहून तुमचे गुडघे गेलेत हे मला ठाऊक आहे, म्हणून तिथपर्यंत रिक्षाने जा.

शेताची कामं आता आवरत आली असतील. मालदांडी ज्वारी चार-पाच किलो आणा, पोतं नको. मंगळवेढ्याहून सकाळची पहिली एसटी धरा म्हणजे ऊन चढायच्या आत पोहोचाल. जावई स्टँडवर घ्यायला येतील. कोणत्या दिवशी निघताय ते रात्री नऊनंतर फोन करून सांगा, तेव्हा मी मोकळी असते.

तुमची लेक