गर्भपातासाठी नवऱ्याची सही कशासाठी?

संपादक महोदय,

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंबरोबर मी हडपसरमधील एका खासगी दवाखान्यात गेले होते. 'मिस्टरांची सही आणा, मग बघू,' असे सांगून फॉर्म परत सरकवण्यात आला. नवऱ्याने सोडून दिलेल्या बाईने सही आणायची तरी कुठून?

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या बाबतीत केवळ तिचीच संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीत सामावून घेतले आणि कुटुंबीयांची संमती किंवा कायद्यात नसलेली कागदपत्रे मागण्याच्या प्रथेवर स्पष्ट नापसंती नोंदवली. प्रजननाचा निर्णय हा घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे याच न्यायालयाने २००९ मध्येच म्हटले होते.

मात्र मूल हवे असणाऱ्या बाईच्या वाट्याला तरी काय येते? प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांतील पाळणाघर या दोन्ही गोष्टी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतच नाहीत. गर्भपातानंतर कायद्याने मिळणारी सहा आठवड्यांची पगारी रजा तर तिने ऐकलेलीही नसते. पोटच्या पोराला सांभाळायला कोणी नाही म्हणून घेतलेल्या निर्णयाला मोकळी निवड म्हणणे मला पटत नाही.

संमतीचा नियम मराठीत लिहिलेला फलक प्रत्येक दवाखान्यात लावणे महापालिकेने सक्तीचे करावे आणि वस्त्यांमध्ये संध्याकाळी सातपर्यंत चालणारी पाळणाघरे सुरू करावीत.

– एक वाचक, हडपसर, पुणे