तुझं ३६५ बरोबर होतं

प्रिय मित्रा,

दोन वर्षं तुला ओळही लिहिली नाही. तब्येत ठीक आहे, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय. ते राहू दे. आज लिहायला बसलोय त्याचं कारण तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही.

आपला पेपर चुकला आहे. जोडताऱ्याच्या ग्रहणांच्या वेळांतल्या हेलकाव्यावरून आपण छापलेला तिसरा तारा नाही. कधी नव्हताच.

चूक माझ्या विद्यार्थिनीला सापडली. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आपल्या जोडताऱ्यावर उभं आहे, म्हणून तिने ग्रहणांच्या नव्या वेळा आपल्या जुन्या वेळांना जोडून पाहिल्या. जुळेनात. दुसरं कोणी असतं तर जुना डेटा म्हणून सोडून दिलं असतं. हिने मूळ फाइली मागून घेतल्या आणि एकेका फाइलचं हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, उघडून वाचत बसली. चौथ्या दिवशी टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, नवा कॅमेरा बसवल्यानंतरच्या फाइलींमध्ये वेळ आधीच सूर्यकेंद्री आहे. तुमच्या प्रोग्रामने तीच दुरुस्ती पुन्हा केली आहे."

पृथ्वीचं पुढेमागे सरकणं वजा करून सूर्यावरून पाहिल्यासारखी वेळ काढायची ती दुरुस्ती, एकदा कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने केली, एकदा मी.

खगोलशास्त्रज्ञ रोमरची गोष्ट तू किती रंगवून सांगायचास! १६७६ साली पॅरिसमध्ये त्याने आधीच सांगून ठेवलं की नोव्हेंबरमध्ये गुरूचा चंद्र आयो गुरूच्या सावलीतून दहा मिनिटं उशिरा बाहेर येताना दिसेल, कारण पृथ्वी लांब गेली आहे आणि प्रकाशाला जास्तीची वाट कापायची आहे. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा त्याचा हिशेब होता. खरी वेळ साडेसोळा मिनिटांच्या जरा वर. आपण ज्या दुरुस्तीशिवाय एकही वेळ नोंदवत नव्हतो ती हीच. रोमरला जिथे प्रकाशाचा वेग हाती लागला, तिथेच मी घसरलो. आपला तारा क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाजवळ, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी जवळजवळ काटकोनात, म्हणून ती दुरुस्ती चाळीसेक सेकंदांचीच होती. आठ मिनिटांची असती तर पहिल्याच आलेखात डोळ्यांत खुपली असती. चाळीस सेकंदांच्या हेलकाव्यात मात्र जोडताऱ्याला ओढणारा एक छोटा लाल तारा नेमका मावतो. जुन्या कॅमेऱ्याच्या वेळांमध्ये हेलकावा नव्हता, पण त्यांच्यातली अनिश्चितता एवढी मोठी की हेलकावा नसणंही त्यात लपून गेलं.

ती गेल्यावर मी कपाट उघडून नोंदवही काढली. पान ११२. वर वेधशाळेतल्या अण्णाच्या अक्षरात घुमटाचं दार अडकल्याची नोंद. खाली माझा आलेख चिकटवलेला, एका कोपऱ्यात डिंक सुटलेला. समासात तुझं पेन्सिलीतलं बारीक अक्षर: "एका वर्षाच्या आसपास? ही पृथ्वीच तर नाही ना?" आणि त्याखाली मी शाईने लिहिलंय, ३७१ दिवस, ३६५ नव्हे. दोन रेघा मारल्यात. दुसरी रेघ कागद फाटेस्तोवर दाबून मारली आहे.

३७१! हेलकाव्याच्या तीनच फेऱ्या हातात, मध्ये महिनोन् महिन्यांची भगदाडं, आणि मी चार दिवसांची अनिश्चितता लिहून मोकळा झालो होतो. तू तेव्हाच म्हणाला होतास की एवढ्या तुटपुंज्या डेटावर ती निदान दहा दिवसांची तरी असणार. आपलं भांडण पेपरवरच्या नावांच्या क्रमावरून झालं असं सगळे म्हणतात, आणि नऊ दिवसांचा अबोला त्यावरून होता हेही खरं. (त्या नऊ दिवसांत अण्णा आपल्या दोघांमध्ये निरोप्या झाला होता. "ते म्हणतात फिल्टर बदला", "हे म्हणतात आधीच बदललाय". बिचारा.) पण खरं भांडण पान ११२वरचं होतं हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

खरं टोचतंय ते पुढचं. त्या सेमिनारमध्ये तू हात वर करून हाच प्रश्न विचारलास आणि मी म्हणालो, "याला कशातही पृथ्वीच दिसते." सगळे हसले. सरही हसले. तू खाली बसलास. पुढच्या आठवड्यात "घाल माझं नाव, कंटाळा आलाय" म्हणत सही केलीस आणि वर्षभराने संशोधन सोडलंस.

११ जानेवारी १९३५ची ती सभा मी दर वर्षी वर्गात सांगतो. चंद्रशेखर २४ वर्षांचे. श्वेत बटूला, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याच्या आकसलेल्या गाभ्याला, वस्तुमानाची मर्यादा असते, सूर्याच्या सुमारे १.४ पट, हे त्यांनी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत मांडलं. लगेच ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि निसर्ग ताऱ्याला असं वागू देणार नाही असं म्हणत त्यांनी सगळ्याची थट्टा केली, सभा हसली. मुलांना सांगताना माझा आवाज चढतो. इतकी वर्षं मी स्वतःला चंद्रशेखरांच्या बाजूचा समजत आलो. गेल्या महिन्यात पान ११२ समोर ठेवून बसलो तेव्हा कळलं, त्या खोलीत एडिंग्टन मी होतो.

१९८२ साली एडिंग्टनच्या जन्मशताब्दीला त्यांच्यावर व्याख्यानं चंद्रशेखरांनीच दिली, हे मला माहीत आहे. त्याचा आधार मी घेणार नाही. तो मोठेपणा चंद्रशेखरांचा होता. तुझ्याकडून तो मागायचा हक्क मला नाही.

तू सोडलंस ते त्या हसण्यामुळे का? वहिनी एकदा म्हणाल्या होत्या की शिकवण्याची ओढ तुला आधीपासूनच होती. मी ते वाक्य धरून बसलो, सोयीचं होतं ना. आता सरळ विचारतो. जे असेल ते लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, तुझ्या शिव्यांना निदान वृत्त असतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. विद्यार्थिनीने चूक दाखवल्यावर मी अकरा दिवस गप्प राहिलो. सतरा वेळा हिशेब तपासला, जणू अठराव्या वेळी तारा परत येणार होता. आणि लाइनची गोष्ट मला पाठ! इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेचा अँड्र्यू लाइन. १९९१च्या जुलैत 'नेचर'मध्ये त्याच्या गटाने पल्सारभोवती, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती, ग्रह सापडल्याचं छापलं, सहा महिन्यांत फेरी मारणारा. पृथ्वीची कक्षा वर्तुळ धरून काम भागवलं होतं आणि पल्सारचं स्थान किंचित चुकलं होतं. हिशेब नीट मांडताच ग्रह गेला. १९९२च्या जानेवारीत अटलांटाच्या परिषदेत त्याने भर सभेत हे सांगितलं, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. त्याच्या पाठोपाठ खगोलशास्त्रज्ञ वोल्शचान बोलायला उभा राहिला आणि त्याने दुसऱ्या पल्सारभोवतीचे खरे ग्रह मांडले. ढगाळ रात्री ही गोष्ट मीच तुला सांगितली होती, गॅलरीत, तुझं ते भयानक गाणं थांबवायला. तिथे सहा महिने, आपल्याकडे एक वर्ष. गोष्ट मी सांगितली, आणि संशय तुला आला.

फ्रान्सेस अर्नोल्डचंही मनात होतं. २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल, २०१९चा पेपर, आणि २०२०च्या जानेवारीत तिने स्वतः जाहीर केलं की प्रयोग पुन्हा करता येत नाही, पेपर मागे घेतोय. म्हणाली, तो पाठवताना मी कामात बुडालेले होते, नीट लक्ष दिलं नाही. तिने माफी मागितली. आता कोणी म्हणेल तिच्याकडे नोबेल होतं, तिचं काय जाणार होतं. मला उलट वाटतं. जितकं उंच बसलेलं माणूस, तितकं उतरणं जड.

माझं काय जाईल याची भीती आता फार उरली नाही. भीती त्या विद्यार्थिनीसाठी आहे. एक पूर्ण प्रकरण गेलं, शिष्यवृत्तीचे आठ महिने उरलेत. मी तिला म्हटलंय की चूक कशी शोधली तेच आता तिसरं प्रकरण. मागे घेण्याच्या टिपणात तिचं नाव सगळ्यात आधी जाईल. पल्सार पहिल्यांदा जिच्या नजरेला पडले त्या विद्यार्थिनीवरून, जोसलिन बेलवरून, तू सरांशी किती भांडायचास! रोजचा शंभर फूट कागद डोळ्यांखालून घालणारी ती, त्यातली ती जराशी गिचमीड सोडून न देणारी ती, आणि १९७४चं नोबेल ह्यूइश आणि राइल यांना. तेव्हा मी सरांची बाजू घेतली होती. तीही आज परत घेतो.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. टिपणावर तिन्ही लेखकांची संमती लागते. सरांची आली. फोनवर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्याने विचारलं होतं, नाही का?" त्यांनाही आठवतंय. दुसरी गोष्ट, मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलंय की सहलेखकांपैकी एकाने ही शंका छापण्यापूर्वीच काढली होती आणि पहिल्या लेखकाने ती फेटाळली. तुझं नाव घालू का? तुला नको असेल तर नाव काढतो, पण वाक्य ठेवतो.

तुझ्या शाळेच्या दुर्बिणीचं वहिनींकडून कळलं. आरसा मुलांनीच घासला म्हणे? सविस्तर लिही. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. धाकटीला आशीर्वाद.

मसुदा आणि पान ११२चा फोटो सोबत पाठवतोय. पेन्सिल फिकी आली आहे, मोठं करून बघ.

तुझा,
पहाटेच्या पाळीवाला