चढ कुठं गेला?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत हल्ली एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. नव्याने ध्वनिमुद्रित झालेले अभंग कानाला बोचतात, दोन-तीन ऐकले की बंद करावेसे वाटतात, जुन्यांचं तसं होत नाही. कुणी त्याचा दोष गाणाऱ्यांना दिला, कुणी मोबाइलच्या स्पीकरला, एकांनी तर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला. मी मिरजेत २७ वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करते. तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या दारात गेली आहे. गाणारी मंडळी घरी गेल्यावर स्टुडिओत आमच्यासारखे लोक जे ठरवतात, त्यात या बोचण्याचं मूळ बऱ्याचदा असतं. कॉम्प्रेसर कुठे लावायचा, किती लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, हे ते ठरवणं.

कॉम्प्रेशन म्हटलं की बहुतेकांना एमपीथ्री आठवतं, म्हणजे फाइल लहान करणं. ते वेगळं. मी म्हणते तो कॉम्प्रेसर आवाजाच्या लहान-मोठेपणावर चालतो, आणि तो तुम्ही नकळत ऐकलेला आहे. घरच्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या ओव्या भरून घेतल्या असतील तर आठवून बघा. आजी गात असे तोवर सगळं ठीक. ती श्वासाला थांबली की पंख्याची घरघर आणि अंगणातले कावळे फुगून वर येत, ती पुन्हा गाऊ लागली की खाली बसत. अशा बऱ्याच टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची सोय असे. ती याच जातीची.

स्टुडिओतल्या कॉम्प्रेसरला आपण एक मर्यादा आखून देतो. आवाज तिच्या वर गेला की तो दाबायचा. प्रमाण चारास एक ठेवलं, तर मर्यादेच्या ८ डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) वर गेलेला सूर फक्त २ डेसिबल वर राहतो. म्हणजे ६ डेसिबल कापले गेले. मग ते भरून काढायला सगळंच ६ डेसिबलनी वर उचलतात. गोम इथेच आहे. मोठा आवाज होता तिथेच राहतो आणि लहान आवाज मोठ्याच्या शेजारी येऊन बसतो. गायकाचा श्वास, तंबोरा, खुर्चीची करकर, सगळं.

तंबोऱ्याचं मी मिरजेत राहून शिकले, हे सांगितलंच पाहिजे. आमच्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथे जवारी काढणाऱ्यांचे, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवणाऱ्यांचे, कान हेच आमचं प्रमाणपत्र होतं. सुरुवातीच्या काळात एका घरगुती बैठकीचं ख्यालगायन मी मुद्रित केलं. गायिका आणि तंबोरा एकाच माइकवर. वरून मी कॉम्प्रेसर लावला, चांगला घट्ट, कारण मंद्रातली आलापी हळू वाटत होती. तंबोरे बनवणारे एक वयस्कर काका सहज आले होते. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, तंबोऱ्याला धाप लागलीय गं." मी पुन्हा ऐकलं. गायिका मुखडा घेऊन समेवर यायची, क्षणभर थांबायची, आणि त्या रिकाम्या जागेत तंबोरा लाटेसारखा उसळायचा. तिने तोंड उघडलं की चूप. गाण्याला ज्याने एकसारखं अंथरूण घालायचं, तोच दर ओळीला उठत-बसत होता. मी कॉम्प्रेसर काढला आणि आलापीचा भाग हाताने, फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी सरकवून, थोडा वर घेतला. वीस मिनिटांचं काम. काका चहा पिऊन गेले. त्यांचं ते वाक्य मी अजून प्रत्येक मिक्सिंगच्या वेळी मनात म्हणते.

तरीही पुढे चूक केलीच, आणि ती या पत्राचं खरं कारण आहे.

२००९ मध्ये तासगाव तालुक्यातलं एक भजनी मंडळ माझ्याकडे आलं. मुख्य बुवा सत्तरी ओलांडलेले. पखवाज, पेटी, मागे बारा टाळकरी. पखवाजवाल्याने धुमेला कणीक लावली, बुवांनी डोळे मिटले आणि रूपाच्या अभंगापासून जे सुरू झालं ते पाऊण तास थांबलं नाही. सुरुवात इतकी हळू की पेटीच्या भात्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटचा गजर इतका मोठा की काचेपलीकडे माझ्या टेबलावरची पेन्सिल थरथरत होती. मीटरवर या दोन टोकांमध्ये वीसेक डेसिबलचा फरक होता. तो फरक म्हणजेच त्यांचं भजन होतं. गावात पिढ्यान्‌पिढ्या ते असंच चढवत आले होते.

सीडी काढणाऱ्या कंपनीचा निरोप आला : दुसऱ्या सीड्यांइतकी मोठी वाजली पाहिजे, दुकानात लावल्यावर पडेल वाटता कामा नये. मी नमले. सगळ्या मिश्रणावर एकच कॉम्प्रेसर लावला आणि त्याच्यावर लिमिटर, म्हणजे ठरल्या उंचीपलीकडे आवाज जाऊच न देणारा कॉम्प्रेसर. आता बारा टाळ एका क्षणी वाजतात तेव्हा काय होतं पाहा. टाळाची टोच अतिशय अणकुचीदार असते, मीटर सर्वांत उंच तीच नेते. यंत्राला टाळ आणि बुवा वेगळे कळत नाहीत. टाळ पडला की ते सगळंच दाबतं. त्यामुळे प्रत्येक टाळेला बुवांचा आवाज खाली जात होता आणि मधल्या जागेत वर येत होता. आणि गजर? गजर सुरुवातीच्या "जय जय राम कृष्ण हरी"इतकाच मोठा झाला, कारण सुरुवात उचलली गेली होती आणि गजर दाबला गेला होता.

बुवा सीडी ऐकायला आले. पूर्ण ऐकली. बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "ताई, चढ कुठं गेला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा करून देते. सीडी तोवर छापायला गेली होती. नंतर जागा हवी म्हणून हार्ड डिस्कवरचे त्या मंडळाचे मूळ ट्रॅकही, म्हणजे प्रत्येक माइकवर सुटे भरलेले आवाजही, मी पुसले. तीन वर्षांनी बुवा गेले. कॉम्प्रेसर नंतर कधीही लावता येतो, पण एकदा दाबून छापलेलं पुन्हा उलगडून मूळपदावर आणता येत नाही.

यावरून मी कॉम्प्रेसरच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. त्याच्यावाचून माझं एक दिवस चालत नाही. कीर्तनकार पूर्वरंगात बोलता बोलता माइकपासून वळतात, शेवटचा शब्द पोटात घेतात. तिथे कॉम्प्रेसर नसेल तर स्वयंपाकघरात कुकरच्या शेजारी ऐकणाऱ्या बाईला निम्मं निरूपण कळणार नाही. तीस-चाळीस ट्रॅकच्या गाण्यात गायकाचा आवाज वाद्यांच्या वर तरंगता ठेवायचा तर ३-४ डेसिबलचा हलका दाब लागतोच. लावणीच्या ढोलकीवर मी तो आनंदाने लावते, पण तिथे वेळेचा हिशेब आहे. यंत्राला तत्काळ दाबायला सांगितलं तर थापेची टोच जाते, ढोलकी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी लागते. तेच ३० मिलिसेकंद थांबून दाबायला सांगितलं तर थाप निसटून पुढे जाते आणि मागची आस भरून येते. यंत्र तेच, ढोलकी तीच.

१९६०च्या दशकात अमेरिकेत बनलेली दोन यंत्रं आजही आमच्या धंद्यात नमुना मानली जातात, एलए-टूए आणि ११७६. पहिल्यात एक प्रकाशपट्टी आणि प्रकाश ओळखणारा घटक आहे. तो सावकाश धरतो आणि त्याहून सावकाश सोडतो, म्हणून आवाजाला मऊ बसतो. दुसरं बिल पुटनम या अमेरिकी ध्वनिमुद्रकाने रचलेलं. ते सेकंदाच्या काही लाखांश भागात धरतं. आज दोन्हींच्या नकला संगणकात मिळतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. नवी मुलं यादीतून 'व्होकल' लिहिलेली तयार मांडणी उचलतात आणि चिकटवतात. काय बिघडलंय हे ऐकायच्या आधीच औषध.

मी स्वतः आता असं करते. आधी गाणं नुसतं ऐकायचं आणि तक्रार कागदावर लिहायची. "दुसऱ्या कडव्यात दोन शब्द बुडतात" अशी तक्रार असेल तर ते दोन शब्द हाताने उचलायचे, कॉम्प्रेसर नको. प्रत्येक ओळीत एखादा शब्द बुडत असेल तर कॉम्प्रेसर. लिहायला काहीच सुचलं नाही तर काहीही लावायचं नाही. आणि लावलाच, तर लावलेलं आणि न लावलेलं दोन्ही समान मोठेपणावर आणून मगच तुलना करायची. हे शेवटचं फार कमी लोक करतात. एखाद्या डेसिबलने मोठं केलेलं गाणं कुणालाही आधी चांगलंच वाटतं, मलाही वाटतं. मोठेपणा बरोबरीला आणला की पुष्कळदा न लावलेलंच जिंकतं.

चांगले गायक हे काम गळ्याने आणि मानेने करतात, हेही सांगायला हवं. तारषड्जाला जाताना जुनी माणसं मान मागे घेतात, खालच्या सुरांना माइकजवळ येतात. समोर असा गायक असेल तर त्याचं मोजमाप माझ्या यंत्रापेक्षा शहाणं असतं.

कंपन्यांची "मोठं पाहिजे" ही मागणी तर आता निरर्थक झाली आहे. गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजायची पद्धत ठरलेली आहे, एलयूएफएस हे तिचं एकक. आकडे उणे असतात, शून्याच्या जितकं जवळ तितकं गाणं मोठं. युरोपच्या प्रसारणसंस्थांनी २०१० मध्ये उणे २३ ही पातळी ठरवली. स्पॉटिफाय मूळ मांडणीत गाणी साधारण उणे १४ वर आणून वाजवतं, यूट्यूबही त्याहून मोठं गाणं खाली घेतं. तुम्ही गाणं दाबून दाबून उणे ७ वर नेलं, तर तिथे ते ७ डेसिबलने खाली उतरवलं जातं. मोठेपणा गेला, सपाटपणा तेवढा उरला. जत्रेत मोबाइलवरून थेट कर्ण्यावर लावायचं असेल तर दाबलेलं गाणं लांबवर पोचतं, हे खरं. त्यासाठी वेगळी प्रत करून द्यावी. एका कर्ण्यासाठी मूळ भजन कशाला बिघडवायचं?

म्हणून भजनी मंडळांना माझी विनंती आहे. तुम्ही वर्गणी काढून स्टुडिओत येता. पैसे देताना मूळ सुटे ट्रॅक मागून घ्या, २४ बिटच्या वेव्ह फाइल, दोन वेगळ्या डिस्कवर. मास्टरिंगच्या, म्हणजे सगळ्या गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याच्या, आधीची प्रतही मागा. आणि अंतिम प्रत ऐकताना आवाजाचं बटण एकदा लावून ठेवा, मग हलवू नका. अभंग सुरू होतो तिथलं आणि गजराचं, दोन्ही ऐका. गजर अंगावर आला नाही तर ती प्रत घेऊ नका, काम करणारी मी असले तरी.

गेल्या कार्तिकीनंतर त्या बुवांचा मुलगा एक कॅसेट घेऊन आला. १९८८ साली गावातल्या एका शिक्षकांनी डेकवर भरलेली. त्या डेकची पातळी हाताने लावायची होती आणि मास्तरांनी ती एकदा लावून तशीच ठेवलेली. सुरुवातीला टेपची सळसळ आहे. गजराला आवाज थोडा फाटतो. पण चढ आहे, पहिल्या टाळेपासून शेवटच्या उड्यांपर्यंत. मी ती होती तशी उतरवून दिली, काहीही न लावता. पेटीवाले ऐकायला आले होते, ते गजराला उभे राहिले.

अशा कॅसेट सांगली जिल्ह्यात घरोघरी ट्रंकेत पडून असतील, टेपला बुरशी येत असेल. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता मी तिथे दिला आहे. मी त्या विनामूल्य उतरवून देईन आणि कॅसेट परत करीन.

आपली,
एक ध्वनिमुद्रक, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)