निर्यातबंदीलाही निकष हवा : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

कांद्यावरील निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले याचे समाधान आहे. परंतु ज्या अधिकारातून बंदी आणि शुल्क एका रात्रीत येतात, तो अधिकार अजूनही बेलगाम आहे, म्हणून हे पत्र.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरल्याचे सरकारनेच जाहीर केले होते. बांधकामापासून हॉटेलांपर्यंत सारे ठप्प असताना शेतीत मात्र ३.४ टक्के वाढ नोंदवली गेली. त्याच जूनमध्ये निघालेल्या अध्यादेशाने नाशवंत शेतमालाच्या साठ्यावर मर्यादा घालण्यासाठी अट ठेवली की, किरकोळ दर दुप्पट झालेला असावा. मंदीत व्यापाराला हवी असते ती हीच खात्री, आणि सरकारने ती दिली होती. मात्र १४ सप्टेंबरला कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि लगेच लागू झाली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्या अध्यादेशाचे विधेयक संमत केले! आधी झालेल्या सौद्यांना परकीय व्यापार धोरणात जी संक्रमणकालीन सवलत असते, तीही या अधिसूचनेने स्पष्टपणे नाकारली. बांगलादेशाच्या सीमेवर कांद्याचे ट्रक अडकून पडले आणि त्या देशाने जाहीर नाराजी कळवली.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणशेडमध्ये, पावसाळाभर टिकवला जातो. त्या वर्षी टाळेबंदीमुळे उन्हाळ्यात उठाव नव्हता, म्हणून ज्याला शक्य होते त्याने माल राखला. सप्टेंबरपर्यंत वजन घटते, काही कांदा सडतो, काहीला मोड येतात. उरलेल्या मालाला मिळणाऱ्या वाढीव दरातून ही सारी तूट भरून काढायची असते. नेमक्या त्याच वेळी बंदी आली.

ऑक्टोबरमध्ये साठामर्यादाही आली : घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. दरवाढीचा निकष पूर्ण झाला होता, त्यामुळे तिच्या कायदेशीरपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण २५ टन म्हणजे जेमतेम दीड-दोन ट्रक. मोठ्या बाजार समितीतला खरेदीदार एवढा माल एका दिवसात घेतो. व्यापाऱ्यांनी हात आखडला, नाशिक जिल्ह्यातील लिलाव थांबले आणि दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याचा माल पडून राहिला. साठेबाजांना धाक बसला असेलही, पण खरेदी बंद पडून शहरात कांदा स्वस्त कसा होणार होता, हे मला आजही कळलेले नाही.

रोजगार गमावलेल्या शहरी कुटुंबाला दिलासा द्यायलाच हवा होता. त्यासाठी नाफेड या सहकारी महासंघामार्फत घेतलेला राखीव साठा असतो; त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, एकट्या उत्पादकाच्या खिशातून नाही.

पुढे तो अध्यादेश ज्यांत सामावला होता, ते कृषी कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले आणि साठ्यावरचा तो निकषही गेला. निर्यातीला तर निकष कधीच नव्हता. त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी दराने निर्यात नाही) आणि ४० टक्के शुल्क लावून.

माझी विनंती अशी आहे की, कोणत्या दरपातळीला निर्यातीवर निर्बंध येतील आणि कोणत्या पातळीला ते आपोआप उठतील, हे हंगामापूर्वी राजपत्रात जाहीर करावे. तसेच बंदीच्या तारखेपूर्वी करार झालेला व बंदराकडे निघालेला माल त्यातून वगळावा. उन्हाळ कांद्याची रोपे टाकण्यापूर्वी हे आकडे हाती आले, तर किती एकर लावायचा आणि किती चाळीत ठेवायचा हे आम्हाला ठरवता येईल.

आपला विश्वासू,
नाशिक जिल्ह्यातील एक कांदा उत्पादक