फोटोत माणसांच्या मागे उभं असलेलं घर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या दोन उन्हाळ्यांत माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, चार घरं पाडली. पाचवं आमचं ठरलं होतं. सामान हलवताना पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या फोटोंची पिशवी निघाली आणि आमचा बेत बदलला.

घर साधंच. कमरेइतकं दगडी बांधकाम, वर कच्च्या विटा. पांढऱ्या मातीत काड तुडवून, साच्यात थापून उन्हात वाळवलेल्या. छताला सागाच्या तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्यांचं किलचन आणि त्यावर पूर्वी हातभर माती. पूर्वेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आहे. ती किल्लारीच्या भूकंपाची, असंच आम्ही तीस वर्षं धरून चाललो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना धरणी हलली. त्यानंतर वडील माळवदाखाली कधीच झोपले नाहीत. पुढच्या वर्षी छतावरची माती उतरवून पत्रे टाकले.

फोटो पाहायला बसलो ते माणसं ओळखायला. स्टुडिओतले बाजूला ठेवले, कारण त्यांत मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा. कामाला आले ते ओसरीवर, अंगणात काढलेले. १९७८ साली आत्याच्या लग्नात काढलेल्या फोटोत पूर्वेची भिंत सारवलेली, सपाट. १९८६ साली धाकट्या बहिणीचं बारसं झालं, त्या फोटोत बायकांच्या घोळक्यामागे, अगदी डाव्या कडेला, भिंतीवर पेन्सिलीएवढी काळी रेघ दिसते. भिंग लावून पाहिलं. रेघेच्या वर वाकलेली पन्हळ आणि खाली भिंतीला धरून ओलीचा डाग. म्हणजे भूकंपाच्या सात वर्षं आधीच भेग होती! आत्याला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, पन्हळ तुझ्या आजोबांनी राकेलचा डबा कापून बसवली होती, ती पहिल्यापासूनच आखूड होती.

पुढचे फोटो तर डोळ्यांत अंजन घालणारे. २००५ सालच्या रंगीत फोटोत आम्ही सगळे नव्या सिमेंटच्या गिलाव्यापुढे ऐटीत उभे. २०१२ सालच्या फोटोत तोच गिलावा फुगून सुटलेला आणि त्याच्या पाठीला भिंतीची माती चिकटून आलेली. मातीच्या भिंतीतली ओल हळूहळू बाहेर सुटते. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि कच्ची वीट आतल्या आत मऊ पडते. भूकंपाला बोल लावत आम्ही आमच्याच हाताने भिंत कुजवत होतो.

मातीच्या घरांची भीती खोटी होती, असं मी म्हणत नाही. जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली त्या पहाटे हजारो माणसं गेली. म्हणून आम्ही आधी जाणत्या अभियंत्याला घर दाखवलं. मग सिमेंट खरवडलं, पन्हळ लांब केली, पायाशी पाणी थांबणार नाही असा उतार दिला, भेग विटा घालून सांधली. यंदाचा पावसाळा भिंतीने कोरडा काढला.

अशा घरांची कागदोपत्री माहिती किती, तर ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर एक ओळ. पन्हळ कोणी बसवली, गिलावा कधी झाला, पत्रे कधी आले, हे फक्त लग्ना-बारशाच्या फोटोंत, माणसांच्या खांद्यांमागे शिल्लक आहे. ते फोटोही एका घरात नसतात. आमचा सगळ्यात स्पष्ट फोटो आत्याच्या सासरी मिळाला.

माझी विनंती वाचकांना आहे, तशीच आपल्यालाही. घर पाडायला काढण्याआधी लेकीबाळींच्या घरचे अल्बम मागवा, म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा आणि फोटोमागे साल व नावं पेन्सिलने लिहा. आपण रविवारच्या पुरवणीत अशा एका घराच्या जुन्या-नव्या फोटोंना जागा द्यावी. बारशाचा फोटो मी सोबत जोडला आहे. डावी कडा मात्र कापू नये.

आपला,
एक वाचक,
ता. तुळजापूर, जि. धाराशिव