कपाटातली पिवळी बाटली

मनू,

काल फोनवर तू निम्मं बोललीस अन् निम्मं गिळलंस ते कळलं मला. झोप येईना म्हणून टाईप करत बसलेय, एका बोटानं, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस. बाबा सगळ्या गंगापूर रोडला सांगत फिरतायत की पोरगी मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटीत रिस्क अन् कम्प्लायन्सला, म्हणजे धोके अन् नियमपालन बघायला लागली, आता प्रोफेसरांना नोटिसा काढणार. मी म्हटलं अहो तसं नसतं ते. पण तो फिजिक्सवाला सर तुला इन्स्पेक्टर मॅडम म्हणाला अन् तू दिसलीस की लोक लॅबची दारं लोटून घेतात म्हणालीस, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. कारण बाई गं, दार लोटून घेणाऱ्यातली मीच एक होते, कॉलेजच्या लॅबमधे, अठ्ठावीस वर्षं.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. कॉलेजचं नाव नको, लॅबही आता वेगळ्या बिल्डिंगमधे गेलीये. २००६ मधे स्टॉक व्हेरिफिकेशन होतं. पिक्रिक अॅसिडच्या दोन बाटल्या रजिस्टरला, एक वापरातली अन् एक जुनी, कधीची ते कुणालाच माहीत नाही, लेबल पार उडालेलं. पिक्रिक अॅसिड पाण्यात भिजलेलं असलं की गरीब गाय, पण वाळलं की स्फोटक, झाकण फिरवताना घासलं तरी भडकू शकतं, अन् झाकण धातूचं असलं तर आणखीच वाईट. नीट विल्हेवाट लावायची तर बाहेरची एजन्सी, तिचं बिल, बिलाला मंजुरी. तेव्हाचे सर म्हणाले, ताई, निर्लेखनात टाका, म्हणजे रजिस्टरमधून कमी करा, अन् मोकळ्या व्हा. मी टाकलं. रजिस्टरमधे "नष्ट" लिहिलं, खाली सरांची सही, अन् बाटली होती तिथंच खालच्या कप्प्यात.

पहिली काही वर्षं मी गुपचूप बघत होते, पाणी आहे ना म्हणून. मग कपाटापुढे मोडकी टेबलं रचली गेली अन् बघणंही सुटलं.

मग २०१० ला पेपरात मायापुरीचं आलं. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमधलं गॅमा इरॅडिएटर, म्हणजे किरणोत्सर्गाचं यंत्र, १९८५ पासून नुसतं पडून होतं, ते फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात गेलं अन् मायापुरीच्या भंगारवाल्यांनी फोडलं. आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-६०. एक कामगार गेला, बाकीच्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कोबाल्ट दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होत जातो, तरी इतकी वर्षं पडून माणूस मारण्याइतका उरला होता बघ. अन् माझी बाटली तर उलटी, जितकी जुनी तितकी वाईट. मी स्टाफरूममधे ती बातमी वाचली, सगळे म्हणत होते काय हे दिल्लीचे लोक, किती निष्काळजी. मी पण मान हलवली. चहा घशाखाली उतरेना. पण तेव्हाही नाही सांगितलं, कारण सांगायचं म्हणजे चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर खोटं आहे हे सांगायचं, सर तोवर रिटायर झालेले, अक्षर कुणाचं तर माझं. तू तेव्हा आठवीत होतीस अन् बाबांची कंपनी बंद पडलेली.

२०१५ ला नवीन मॅडम आल्या, तिशीच्या असतील. पहिल्याच आठवड्यात रजिस्टर मागितलं नाही, उलट माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या अन् म्हणाल्या, ताई, या लॅबमधे तुम्हाला कशाची भीती वाटते? बास. नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. नॅकवाले, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारे, येऊन गेले, दोनदा, तेव्हा फायर एक्स्टिंग्विशरवर नवीन लेबलं चिकटवली होती अन् भिंतीला रंग दिला होता, पण खालचा कप्पा कुणी उघडला नाही. मी रडत रडत सगळं सांगितलं. मॅडमनी बाटलीला हात लावला नाही, मला लावू दिला नाही, मजला रिकामा केला अन् पोलिसांना फोन. बॉम्बशोधक पथकवाले येऊन घेऊन गेले, झाकणाभोवती पिवळे खडे धरले होते म्हणे. मला मेमो मिळाला, मिळायलाच पाहिजे होता, पण मॅडम म्हणाल्या की सांगितल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल आहे, अन् तो फरक त्यांनी वर प्राचार्यांनाही समजावला.

आता तुझं. तू त्या दिवशी सांगत होतीस ना, सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेचा, २०२२ चा नियम, सायबर घोटाळा लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा अन् लॉग, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. मी तेव्हाच विचारणार होते की लक्षात कुणाच्या आल्यापासून? तुझ्या की त्या पीएचडीच्या पोरीच्या, जिनं नको त्या लिंकवर पासवर्ड टाकला? ती घाबरून दोन दिवस गप्प बसली तर तुझे सहा तास काय कामाचे. अन् तुम्ही काय केलंत, तर कोण फसतं बघायला स्वतःच खोटे मेल पाठवले अन् जे फसले त्यांची यादी डिपार्टमेंटला लावली. अगं कशाला? आता खरा मेल आला तरी कोण येईल तुझ्याकडे. मला तर ते ऐकून त्या फिजिक्सवाल्या सरांचा राग आला नाही, तुमचाच आला.

आप्पांची आठवण येते अशा वेळी. नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमधून घरी येताना त्यांचा डबासुद्धा गेटवर उघडून बघायचे अन् त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. २०२१ ला करन्सी नोट प्रेसमधल्या पाच लाखांच्या नोटा गायब झाल्याची बातमी आली तेव्हा अख्खं नाशिकरोड चोर शोधत होतं. आप्पा अंथरुणावरून म्हणाले, त्या गेटमधून बंडल बाहेर जात नाही, आतच कुठंतरी घोळ असंल. अन् तपासात तेच निघालं, बंडलं चुकून रद्द नोटांसारखी पंच होऊन गेली होती अन् ज्यांच्या हातून झालं त्यांनी भीतीनं सांगितलंच नव्हतं. आप्पांना त्यातलं पाच लाखांचं वाईट नाही वाटलं. म्हणाले, इतके महिने ती माणसं जेवली कशी असतील.

तू मुलाखतीच्या तयारीत यूसीएलएचं, त्या अमेरिकेतल्या विद्यापीठाचं सांगितलं होतंस, २००८ च्या डिसेंबरात ती तेवीस वर्षांची मुलगी टर्ट-ब्युटिल लिथियम, हवा लागली की पेटणारं, सिरिंजनं काढताना भाजली अन् अठरा दिवसांनी गेली. त्याच लॅबच्या ऑक्टोबरमधल्या तपासणीत लॅबकोट घालत नाहीत असं लिहिलेलं होतं म्हणालीस. म्हणजे तुझ्यासारखं कुणीतरी येऊन गेलेलं, बरोबर लिहून गेलेलं, फाईलला लावलेलं. मला ती मुलगी दिसते तशी ती तपासणीवाली बाई पण दिसते, असेल तर.

म्हणून म्हणते, सोमवारी त्या फिजिक्सवाल्याच्या लॅबमधे चेकलिस्ट न घेता जा. सरांकडे नको, लॅब असिस्टंटकडे जा, बारा वर्षं एकाच जागी असलेला एखादा असतोच, त्याला आधी चहा पाज. न वापरातल्या हार्ड डिस्क कुठं ठेवतात विचार, सोडून गेलेल्या पोरांची लॉगिन अजून चालतात का विचार, सिलिंडर साखळीनं बांधलाय का ते नंतर. आणि तो जे सांगेल ते पहिल्यांदा वहीत लिहू नकोस, त्याच्यासमोर तर नाहीच.

दिवाळीला येताना संगमनेरला बस थांबली की फोन कर, बाबा नाशकात द्वारका सर्कलला घ्यायला येतील.

अन् अजून एक. मागच्या महिन्यात मला वीज तोडणार म्हणून मेसेज आला होता अन् मी त्यातल्या नंबरवर फोन केला, अॅप पण घेतलं त्यानं सांगितलेलं, अठरा हजार गेले. बँकेला तिसऱ्या दिवशी सांगितलं. बाबांना अजून माहीत नाहीये, तू एवढ्यात बोलू नकोस.

आई