पोळी सोडण्याआधी

इंदूर, १४ डिसेंबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारा आकडा, ६.१ टक्के आला आणि त्याच दिवसापासून तू पोळी, भात, वरण, फळे सारेच बंद केलेस, हे ऐकल्यापासून मला घोर लागला आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, तिथून मागे फिरता येते, म्हणून तुझ्या निश्चयाचे कौतुकच वाटते; पण साखरेबरोबर डाळीलाही तू घराबाहेर काढलेस, हे मला पटत नाही.

जिलेबी आणि उकडलेले हरभरे, दोन्हींत कर्बोदके आहेत. परंतु जिलेबीतली साखर झपाट्याने रक्तात उतरते, तर हरभऱ्यातले पिष्ट चोथ्यात (तंतूंत) गुरफटलेले असल्याने सावकाश पचते, आणि न पचलेल्या चोथ्यावर आतड्यातले उपयुक्त जिवाणू पोसले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांना रोज निदान २५ ग्रॅम चोथा सुचवला आहे. नुसत्या अंडी-पनीरवर तो कुठून येणार?

प्रमाण मात्र कमी करायलाच हवे. आपल्या देशात सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतूनच येतात, आणि मैदा सोडून कणीक तितकीच खाल्ली तर फारसे साधत नाही. थोडी पोळी कमी करून तिच्या जागी डाळ, उसळ, दही वाढवावे लागते.

आणखी एक गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तुझ्या बाबांनी डॉक्टरांना न विचारता रात्रीची पोळी बंद केली, पण साखर उतरवणारी गोळी तेवढीच घेत राहिले. पहाटे ते घामाने भिजले होते, हात थरथरत होते आणि मी काय विचारते तेही त्यांना समजेना; साखरेचे पाणी पाजले, तेव्हा कुठे ते सावरले. तुला अजून गोळी नाही, तरी पुढे कधी सुरू झाली तर हे लक्षात ठेव.

आता आमच्याकडे पोहे पूर्वीच्या निम्मे, त्यांत मटार आणि मोडाचे मूग भरपूर, वर शेव चिमूटभर. जिलेबी आणत नाही. इथल्या सराफा बाजारातले गराडू, म्हणजे तळलेले कंद, हिवाळ्यात एकदाच. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग चारऐवजी दोन पोळ्या. पेरू मात्र मी बाबांना आवर्जून देते, रस काढून नव्हे, चावून खायला.

उद्यापासून निदान वाटीभर वरण आणि एक पोळी सुरू कर, आणि रात्री ताटाचा फोटो पाठव. तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे, तोवर मी रोज वाट पाहीन.

तुझी,
आई